कर्नलमध्ये लॉकशिवाय कोड लिहिताना रेस कशी टाळायची

रेस म्हणजे दोघांनी एकाच मेमरीला एकाच वेळी हात लावणं आणि निकाल कोण आधी पोचतं त्यावर ठरणं. ती टाळायला कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, लॉक असतं. लॉक एकाच वेळी तीन कामं करतं. एका वेळी एकालाच आत सोडतं, आतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम दुसऱ्या सीपीयूला सरळ दिसेल याची हमी देतं, आणि आपण वापरत असलेली वस्तू मधेच कुणी फ्री करणार नाही, म्हणजे तिची मेमरी परत देणार नाही, हेही बघतं. लॉक काढलं की तिन्ही कामं लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडतात. पहिलं सगळ्यांच्या लक्षात असतं, म्हणून एका झटक्यात पूर्ण होणारे अ‍ॅटॉमिक वापरले जातात. क्रमाची हमी बऱ्याचदा राहून जाते. वस्तूच्या आयुष्याचा हिशोब तर सर्रास विसरला जातो, आणि सर्वात महागात पडणारे बग तिथलेच असतात. खाली नावं लिनक्स कर्नलमधली आहेत. दुसऱ्या कर्नलमध्ये नावं बदलतील, हिशोब तोच राहील.

लॉक काढण्याआधी ते खरंच अडतंय का ते बघा. कॉन्फिग_लॉक_स्टॅट चालू करून बांधलेल्या कर्नलमध्ये प्रत्येक प्रकारच्या लॉकवर किती वेळा आणि किती वेळ थांबावं लागलं हे मोजून मिळतं. नुसता मोजणीचा आकडा वाढवण्यासाठी लॉक असेल, तर लॉक-फ्री चातुर्याची गरजच नसते. प्रत्येक सीपीयूला त्याचा वेगळा काउंटर द्या, धिस_सीपीयू_अ‍ॅडने वाढवा आणि वाचताना सगळ्यांची बेरीज करा. जिथे वाटणीच नाही तिथे रेसही नाही. इथे चूक होते ती दोन जागी. एक, आधी पर-सीपीयू पॉइंटर काढून मग त्यावर काम करताना टास्क मधेच दुसऱ्या सीपीयूवर हलतो. त्यासाठी गेट_सीपीयू_पीटीआर आणि पुट_सीपीयू_पीटीआर ही जोडी आहे, ती मधल्या वेळात प्रीएम्प्शन, म्हणजे चालू टास्क मधेच बाजूला काढणं, बंद ठेवते. दोन, सुरुवातीला दोन अंडरस्कोअर असलेली धिस_सीपीयूची आवृत्ती वापरली जाते. ती इंटरप्टपासून (चालू काम मधेच थांबवून येणाऱ्या हाकेपासून) संरक्षण देत नाही, आणि इंटरप्ट हँडलरही तोच काउंटर वाढवत असेल तर मोजणी गळते.

आधी तक्ता, मग कोड

सामायिक स्ट्रक्चरमधल्या प्रत्येक फील्डसमोर पाच गोष्टी लिहा. कोण लिहितं? कोण वाचतं? कुठल्या संदर्भात, म्हणजे साधा टास्क, सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टचं मागे ठेवलेलं काम), हार्डवेअर इंटरप्ट की एनएमआय (बंद न करता येणारा इंटरप्ट)? या फील्डचं लिहिणं कुठल्या वाचण्याशी बॅरियरने (लिहिण्या-वाचण्याचा क्रम राखणाऱ्या सूचनेने) जोडलेलं आहे? आणि ज्या मेमरीत हे फील्ड आहे ती कोण, कधी फ्री करतं? एकाही रकान्यात «बहुतेक» आलं तर कोड लिहायला घेऊ नका. हा तक्ता नंतर स्ट्रक्चरच्या वरच कॉमेंट म्हणून राहू द्या. बॅरियर एकटा कधीच काम करत नाही, समोरच्या बाजूला त्याचा जोडीदार लागतोच. म्हणून प्रत्येक बॅरियरशेजारी «याची जोडी अमुक फंक्शनमध्ये» असं लिहायची सवय लावून घ्या. जोडीदाराचं नाव लिहिता येत नसेल तर तो बॅरियर एक तर फालतू आहे, किंवा दुसरीकडे एक बॅरियर राहून गेलेला आहे.

कंपायलर काय काय करतो

साध्या सी व्हेरिएबलबद्दल कंपायलरची समजूत अशी की दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. «थांबा» नावाचा फ्लॅग खरा होईपर्यंत फिरणारी साधी व्हाइल लूप घ्या. कंपायलर फ्लॅग एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवू शकतो, आणि मग लूप कधीच संपत नाही. उलटही होतं. पॉइंटर एकदा लोकल व्हेरिएबलमध्ये घेतला, नल नाही ना ते तपासलं आणि पुढे वापरला, तरी रजिस्टर कमी पडले तर कंपायलर तो मेमरीतून पुन्हा वाचायला मोकळा असतो. तपासणी आणि वापर यांच्यामध्ये दुसऱ्या सीपीयूने तो नल केला की कर्नल कोसळतो, आणि सोर्स कोडमध्ये तर वाचन एकदाच दिसत असतं.

उपाय ठरलेला आहे. लॉकबाहेरून वाचलं जाणारं प्रत्येक फील्ड रीड_वन्सने वाचायचं आणि राइट_वन्सने लिहायचं. दोन्हीपैकी एकाच बाजूला लावून भागत नाही. आणि यांच्याकडून जास्त अपेक्षा करू नका: हे क्रमाची हमी देत नाहीत. ३२-बिट यंत्रावर ६४-बिट आकडा दोन तुकड्यांत लिहिला जातो, तिथे वाचणाऱ्याच्या हाती अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा लागू शकतो. रीड_वन्सने तो सांधला जात नाही. तिथे अ‍ॅटॉमिक६४ किंवा खाली येणारा सीक्वेन्स काउंटर हवा.

प्रोसेसर, आणि एक रिंग जवळून

एक्स८६ वर लिहिण्यांचा आपापसातला क्रम आणि वाचण्यांचा आपापसातला क्रम दुसऱ्या सीपीयूला जसाच्या तसा दिसतो. आधी लिहिणं आणि मग दुसऱ्या जागेचं वाचणं, एवढी एकच अदलाबदल तिथे होते, कारण लिहिलेलं काही काळ त्या सीपीयूच्या स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये पडून असतं. एआरएम६४ आणि पॉवरवर मात्र साधी लिहिणी-वाचणी जवळपास कशीही मागेपुढे होऊ शकतात. म्हणून एक्स८६ लॅपटॉपवर वर्षभर बिनतक्रार चाललेला कोड एआरएम सर्व्हरवर पहिल्याच दिवशी चुकीचा डेटा देऊ शकतो. तिथे प्रोसेसरचा दोष नसतो, बॅरियर पहिल्यापासूनच गायब असतो.

एक लिहिणारा आणि एक वाचणारा असलेली रिंग, म्हणजे ठरावीक खान्यांची गोल फिरणारी रांग, हे याचं सगळ्यात उपयोगी उदाहरण. हेड म्हणजे पुढे भरायची जागा, टेल म्हणजे पुढे काढायची जागा. आकार २ चा घात ठेवा, समजा २५६. हेड आणि टेल अनसाइन्ड ठेवा आणि त्यांना न गुंडाळता वाढू द्या. जागा काढताना तेवढं २५५ शी अँड करा.

भरणारा:
ह = हेड
ट = लोड_अ‍ॅक्वायर(टेल)
ह − ट हे २५६ असेल तर रिंग भरलेली, परत जा
खाना[ह आणि २५५] = वस्तू
स्टोअर_रिलीज(हेड, ह + १)

काढणारा:
ट = टेल
ह = लोड_अ‍ॅक्वायर(हेड)
ह आणि ट सारखे असतील तर रिंग रिकामी, परत जा
वस्तू = खाना[ट आणि २५५]
स्टोअर_रिलीज(टेल, ट + १)

कर्नलमध्ये यांची पूर्ण नावं एसएमपी_स्टोअर_रिलीज आणि एसएमपी_लोड_अ‍ॅक्वायर अशी आहेत. रिलीज म्हणजे «माझ्या आधीचं सगळं वाचून-लिहून झाल्यावरच ही किंमत बाहेर दिसेल». अ‍ॅक्वायर म्हणजे «ही किंमत वाचून होईपर्यंत माझ्या नंतरचं काहीही सुरू होणार नाही». इथे जोड्या दोन आहेत. हेडची जोडी सगळ्यांना कळते: वस्तू खान्यात पडल्यावरच हेड पुढे सरकलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर काढणारा खान्यातला जुना कचरा उचलतो. टेलची जोडी लोक विसरतात. टेल साध्या पद्धतीने लिहिलं तर «खाना रिकामा झाला» ही बातमी खाना वाचून होण्याआधीच पोचू शकते. मग भरणारा त्याच खान्यात नवी वस्तू टाकतो आणि काढणाऱ्याच्या हाती तीच वस्तू दोनदा लागते, किंवा स्ट्रक्चर मोठं असेल तर दोन वस्तूंची सरमिसळ. ही चूक रिंग भरत आलेली असतानाच उघडी पडते, म्हणून चाचणीत रिंग मुद्दाम ४ खान्यांची करून बघा.

हेड आणि टेल एकाच कॅश लाइनवर (सीपीयू मेमरी ज्या तुकड्यांत उचलतो त्यातल्या एकावर) ठेवू नका. बऱ्याच प्रोसेसरांवर ही लाइन ६४ बाइटची असते, आणि दोन सीपीयू ती एकमेकांकडून सतत ओढत बसले तर लॉक काढून मिळवलेला वेग तिथेच जिरतो. भरणारे दोन झाले की ही रिंग चालत नाही. भरणाऱ्यांपुरतं एक स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता फिरत राहायला लावणारं लॉक) घाला. काढणारी बाजू तरीही लॉकशिवायच राहते.

हरवलेली जाग

रिंग रिकामी असेल तर काढणारा झोपतो, आणि वस्तू टाकल्यावर भरणारा त्याला उठवतो. उठवायचा खर्च वाचवायला लोक आधी वेटक्यू_अ‍ॅक्टिव्हने «कुणी झोपलंय का» ते बघतात आणि असेल तरच वेक_अप करतात. नेमकी इथेच एक्स८६ सुद्धा दगा देतो.

भरणारा आधी हेड लिहितो आणि मग झोपलेल्यांची रांग वाचतो. काढणारा आधी रांगेत नाव लिहितो आणि मग हेड वाचतो. दोघंही लिहून मग वाचताहेत. दोघांचं लिहिलेलं आपापल्या स्टोअर बफरमध्ये असतानाच दोघांचं वाचून झालं, तर भरणाऱ्याला रांग रिकामी दिसते आणि काढणाऱ्याला रिंग रिकामी दिसते. एक उठवत नाही, दुसरा झोपतो. पुढची वस्तू आलीच नाही तर तो झोपूनच राहतो. अनइंटरप्टिबल झोप असेल आणि हंग टास्कची तपासणी चालू असेल, तर डीफॉल्ट १२० सेकंदांनंतर लॉगमध्ये इशारा येतो. इंटरप्टिबल असेल तर काहीच कळत नाही.

रिलीज आणि अ‍ॅक्वायर इथे उपयोगाचे नाहीत, कारण लिहिणं आधी आणि वाचणं नंतर हा क्रम ते राखत नाहीत. दोन्ही बाजूंना पूर्ण बॅरियर, म्हणजे एसएमपी_एमबी लागतो. काढणाऱ्याच्या बाजूने वेट_इव्हेंट वापरा, त्याच्या पोटात तो आहेच. भरणाऱ्याच्या बाजूने वेटक्यू_अ‍ॅक्टिव्हऐवजी डब्ल्यूक्यू_हॅज_स्लीपर वापरा, तो रांग बघण्याआधी पूर्ण बॅरियर घालतो. आणि हा मार्ग अगदी कळीचा नसेल तर तपासणी सोडूनच द्या. थेट वेक_अप केला की तो रांगेचं लॉक घेतो, झोपणाराही नाव घालताना तेच लॉक घेतो, आणि फट उरत नाही. आमच्या मते पहिली आवृत्ती नेहमी अशीच लिहावी.

अ‍ॅटॉमिक म्हणजे क्रम नव्हे

लिनक्समध्ये नियम असा: जे अ‍ॅटॉमिक फंक्शन किंमत बदलतं आणि काही परतही देतं ते पूर्ण बॅरियरसारखं वागतं, अर्थात नावाशेवटी रिलॅक्स्ड, अ‍ॅक्वायर किंवा रिलीज नसेल तर. काहीच परत न देणारं, जसं अ‍ॅटॉमिक_इंक किंवा सेट_बिट, क्रमाची कसलीही हमी देत नाही. म्हणजे डेटा भरून «तयार» हा बिट सेट_बिटने लावला, तर एआरएमवर बिट आधी आणि डेटा नंतर दिसू शकतो. मधे एसएमपी_एमबी__बिफोर_अ‍ॅटॉमिक घाला, किंवा बिटऐवजी वेगळं फील्ड ठेवून ते रिलीजने लिहा. कंपेअर-एक्स्चेंज (किंमत अजून जुनीच असेल तरच नवी लिहिणारी क्रिया) फसला तर त्यातूनही क्रम मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

कंपेअर-एक्स्चेंजची लूप लिहिताना ट्राय_सीएमपीएक्सचेंज घ्या. फसल्यावर तो सध्याची किंमत «जुनी» या व्हेरिएबलमध्ये स्वतःच भरतो, त्यामुळे पुन्हा वाचायला विसरण्याची चूकच उरत नाही. नवी किंमत मात्र दर फेरीला नव्याने काढा. ती लूपच्या बाहेर एकदाच काढून ठेवली की दुसऱ्याची वाढ पुसली जाते.

वस्तू कधी मरते

सर्वात जास्त वेळ या भागाला द्या. लॉकशिवाय वाचणारा पॉइंटर उचलतो, आणि तो त्याच्या मागे जाईपर्यंत दुसऱ्याने ती मेमरी फ्री केलेली असू शकते. बॅरियर कितीही अचूक असले तरी यावर त्यांचा इलाज नाही. लिनक्समध्ये यासाठी २००२ पासून आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) आहे. त्यात लिहिणारा जुनी वस्तू यादीतून काढतो, त्या क्षणी वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत वाट बघतो आणि मगच फ्री करतो.

पायऱ्यांचा क्रम बदलायचा नाही. नवी वस्तू आधी पूर्ण भरा, मग आरसीयू_असाइन_पॉइंटरने यादीला जोडा. काढताना अपडेटचं लॉक घेऊन लिस्ट_डेल_आरसीयू, मग लॉक सोडून सिंक्रोनाइझ_आरसीयू, आणि मग केफ्री. सिंक्रोनाइझ_आरसीयू झोपतो, म्हणून स्पिनलॉक हातात असताना किंवा इंटरप्टमध्ये तो चालत नाही. तिथे कॉल_आरसीयू किंवा केफ्री_आरसीयू. लिहिणारे एकापेक्षा जास्त असतील तर त्यांच्यात लॉक हवंच. आरसीयू फक्त वाचणाऱ्यांचं लॉक वाचवतो.

वाचणाऱ्याच्या चुका बहुधा तीन. एक, आरसीयू_डिरेफरन्स (पॉइंटर उचलणं) दोनदा करून दोन्ही वेळा तीच वस्तू मिळेल असं गृहीत धरणं. एकदाच करा आणि लोकल पॉइंटर वापरा. दोन, आरसीयू_रीड_लॉकच्या आत झोपणारं काही करणं, जसं म्युटेक्स घेणं किंवा जीएफपी_कर्नलने मेमरी मागणं. तीन, आरसीयू_रीड_अनलॉकनंतरही पॉइंटर वापरत राहणं. वस्तू बाहेर न्यायचीच असेल तर आतमध्येच तिचा रेफरन्स काउंट (ती वापरणाऱ्यांची मोजणी) वाढवा, आणि तोही रीफकाउंट_इंक_नॉट_झीरोने. काउंट शून्यावर गेला म्हणजे वस्तू मरणपंथाला लागली. तिला उचलता येत नाही, नवीन शोधावी लागते. रीफकाउंट_टी हा प्रकार कर्नल ४.११ पासून आहे. शून्यावरून वाढवू पाहिलं तर तो इशारा देतो आणि आकडा एका ठरलेल्या सुरक्षित किमतीवर अडकवून ठेवतो. जुना अ‍ॅटॉमिक_टी हे मुकाट्याने होऊ देतो.

स्लॅब_टाइपसेफ_बाय_आरसीयू लावलेल्या कॅशबद्दल (इथे कॅश म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूंसाठीचा मेमरीचा साठा) मोठा गैरसमज आहे. तिथे आरसीयूच्या आत असतानाही वस्तू फ्री होऊन त्याच प्रकारची दुसरी वस्तू म्हणून परत वापरात येऊ शकते. हमी फक्त एवढीच की ती मेमरी त्याच प्रकारची राहील. म्हणून तिथे काउंट वाढवल्यावर वस्तूची «की», म्हणजे जिच्यावरून ती शोधली ती ओळख, पुन्हा तपासा. जुळली नाही तर काउंट सोडा आणि पहिल्यापासून शोधा.

तीच किंमत, वेगळी गोष्ट

लॉकशिवायच्या स्टॅकवर अ, ब, क अशा वस्तू आहेत. पहिल्या सीपीयूने «वर अ, त्याखाली ब» असं वाचलं आणि तो थांबला. दुसऱ्याने अ काढला, ब काढून फ्री केला आणि अ परत वर ठेवला. पहिला जागा होऊन कंपेअर-एक्स्चेंज करतो, वर अ आहेच, म्हणून अदलाबदल यशस्वी होते आणि स्टॅकचं टोक आता फ्री झालेल्या ब कडे बोट दाखवतं. याला एबीए म्हणतात.

कर्नलच्या एललिस्टने, म्हणजे लॉकशिवायच्या यादीने, यातून काढलेली वाट शिकण्यासारखी आहे. टाकणारे कितीही असोत, एललिस्ट_अ‍ॅड लॉकशिवाय चालतो. एललिस्ट_डेल_ऑल एका एक्स्चेंजमध्ये अख्खी यादी उचलून नेतो, मधलं काहीच बघत नाही, म्हणून त्यालाही एबीए शिवत नाही. एललिस्ट_डेल_फर्स्ट मात्र एकाच काढणाऱ्याला परवडतो. काढणारे दोन झाले की लॉक घ्यावं लागतं. डेल_ऑलने यादी उलट्या क्रमाने मिळते, आधी आलेलं आधी हवं असेल तर एललिस्ट_रिव्हर्स_ऑर्डर करून घ्या. हे जमत नसेल तर पॉइंटरसोबत वाढता आकडा ठेवून दोन्ही एकत्र बदला, किंवा आरसीयूने मेमरीचा पुनर्वापर लांबवा.

सीक्वेन्स काउंटर

दोन-तीन आकडे मिळून एक सुसंगत चित्र हवं असेल, लिहिणं क्वचित आणि वाचणं सतत असेल, तर हा घ्या. लिहिणारा सुरुवातीला काउंटर विषम करतो, शेवटी सम करतो. वाचणारा आधी आणि नंतर काउंटर बघतो, विषम असेल किंवा बदलला असेल तर पुन्हा वाचतो. आत पॉइंटर ठेवून त्याच्या मागे जाऊ नका, कारण चित्र चुकीचं होतं हे कळेपर्यंत तुम्ही फ्री झालेल्या मेमरीत पोचलेले असता. लिहिणारा मधे प्रीएम्प्ट होता कामा नये. आणि वाचणारा इंटरप्टमध्ये असेल तर लिहिताना त्या सीपीयूवर इंटरप्ट बंद हवेत, नाहीतर हँडलर काउंटर सम होण्याची वाट बघत कायमचा फिरतो. एनएमआय बंद करता येत नाही, तिथून वाचायचं असेल तर सीक्वकाउंट_लॅच आहे.

तपासणी

कोड तासन्तास चालवून «काही झालं नाही» म्हणणं हा पुरावा नव्हे. कर्नल ५.८ पासून रेस पकडणारं केसीसॅन हे साधन आहे. तो काही निवडक मेमरी वाचना-लिहिण्यांवर पहारा ठेवतो, त्या क्षणी सीपीयूला मुद्दाम थोडं रोखतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी त्याच जागेला हात लावला तर दोघांचे स्टॅक छापतो. डीफॉल्टमध्ये साधारण ४००० हाताळण्यांमागे एकीवर पहारा बसतो आणि टास्कमध्ये ८० मायक्रोसेकंद थांबलं जातं. आपला कोड छोटा असेल तर पहिला आकडा कमी करा, रेस लवकर सापडतात. स्वतःच्या नव्या कोडसाठी कॉन्फिग_केसीसॅन_स्ट्रिक्ट चालू ठेवा, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये साधी शब्दाएवढी लिहिणी माफ केली जातात. रिपोर्ट आला की डोळे झाकून रीड_वन्स चिकटवू नका. त्याने रिपोर्ट गप्प होतो, रेस तशीच राहते. आधी तक्त्यात ते फील्ड शोधा. वाचलेला आकडा फक्त आकडेवारीसाठी असेल आणि चुकला तरी चालणार असेल, तर डेटा_रेस या मॅक्रोत गुंडाळा, म्हणजे पुढच्या वाचकाला ते मुद्दाम केलंय हे कळेल.

राहून गेलेला बॅरियर केसीसॅनला काही प्रमाणातच दिसतो, तोही ५.१७ पासून आलेली वीक मेमरीची सोय चालू केली तर. त्यासाठी कर्नलच्या टूल्स फोल्डरमधलं मेमरी-मॉडेल आहे, ४.१७ पासून. आपल्या कोडचा गाभा दोन-तीन प्रोसेसच्या, प्रत्येकी चार-पाच ओळींच्या लिटमस चाचणीत (क्रम तपासायच्या छोट्या नमुना प्रोग्रॅममध्ये) उतरवा, नको असलेला निकाल शेवटी लिहा आणि सगळे शक्य क्रम तपासणारा हर्ड७ चालवा. «नेव्हर» आलं तर तो निकाल कुठल्याही प्रोसेसरवर शक्य नाही. «समटाइम्स» आलं तर बॅरियर कमी पडतोय. वरच्या «हरवलेली जाग» या भागातलं उदाहरण आधी बॅरियरशिवाय आणि मग दोन्हीकडे एसएमपी_एमबी घालून चालवून बघा, फरक दोन मिनिटांत कळतो. एकाच बाजूला घातला तरी «समटाइम्स»च येतं, तेही मुद्दाम बघा.

फ्री झालेल्या मेमरीचा वापर पकडायला केसॅन हे साधन, आणि आरसीयूच्या बाहेरून केलेल्या डिरेफरन्ससाठी कॉन्फिग_प्रूव्ह_आरसीयू. पॉइंटरवर __आरसीयू ही खूण लावली की स्पार्स हे साधन साधं वाचन पकडून देतं.

शेवटची चाचणी लोड-अनलोडची. मॉड्यूलने कॉल_आरसीयू वापरला असेल तर बाहेर पडताना आधी नवे कॉल_आरसीयू बंद करा, मग आरसीयू_बॅरियर, मग केमेम_कॅश_डिस्ट्रॉय. इथे सिंक्रोनाइझ_आरसीयू पुरत नाही. तो वाचणाऱ्यांची वाट बघतो, रांगेत पडलेल्या कॉलबॅकची (कॉल_आरसीयूने नंतर चालवायला ठेवलेल्या फंक्शनची) नाही, आणि मॉड्यूल निघून गेल्यावर तो कॉलबॅक चालायला आला तर त्याचा कोडच मेमरीत नसतो. भार चालू ठेवून मॉड्यूल शेकडो वेळा घाला-काढा, आणि निदान एक फेरी एआरएम६४ च्या खऱ्या यंत्रावर करा.